घरातली दवंडी

दवंडी तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी गावात काही कळवायचे असले म्हणजे कोतवाल हलगी घेऊन निघे. चौकात उभा राहून हलगी वाजवी. लोक हातातले काम टाकून दारात येत. मग तो मोठ्याने सांगे, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीवर पाटबंधाऱ्याचे साहेब येणार हो!" एवढे सांगून तो पुढच्या आळीला जाई.

आता पुष्कळ गावांत हे काम ग्रामपंचायतीचा भोंगा करतो. नळाला पाणी केव्हा येणार, बाळांना लस केव्हा टोचणार, ते भोंग्यावरून कळते. हलगी गेली, भोंगा आला. पण दवंडीचे शास्त्र काही बदलले नाही. आधी लक्ष वेधावे लागते. मग थोडक्यात सांगावे लागते. तेही योग्य वेळी आणि योग्य जागी. लोक रानात गेल्यावर चौकात दवंडी दिली, तर ऐकणार कोण? पारावरची कुत्री!

हीच दवंडी आता घराच्या आत आली आहे. घरातले यंत्र बोलून आठवण देते. "गोळी घ्या." "टाकी भरली." "दार उघडं राहिलं." अशा घराला शहरात स्मार्ट होम म्हणतात. म्हणजे हुशार घर. पण घर काही हुशार होत नाही, बरं का! विटा त्याच, पत्रा तोच. घरातल्या दोन-चार यंत्रांना आपण काम नेमून दिलेले असते, इतकेच. ते काम कसे नेमून द्यायचे आणि त्यात काय जपायचे, ते आज पाहू.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे बंगल्यातल्या लोकांचं झालं. आम्हांला काय त्याचं?"

तसे नाही. बोलके यंत्र खेडेगावात केव्हाच येऊन बसले आहे. पाण्याच्या टाकीचा बोलका गजर तुम्ही कुठे तरी ऐकलाच असेल. टाकी भरली की भिंतीवरची डबी ओरडू लागते, "टाकी भरली आहे, मोटर बंद करा." बहुधा ती हिंदीत बोलते. काहीशे रुपयांना मिळते. ती कशी बोलते हे एकदा समजले, की मोठ्या हुशार घराचेही गुपित समजले असे समजा. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

डबीतून दोन तारा निघतात आणि टाकीपर्यंत जातात. तारांची टोके टाकीत वरच्या बाजूला लोंबत ठेवतात. दोन टोकांमध्ये थोडे अंतर असते. टाकी रिकामी असते तोवर त्या अंतरात हवा असते. हवेतून ही वीज जात नाही. मोटर चालू होते. पाणी चढत चढत वर येते. ते दोन्ही टोकांना लागले, की पाण्यातून थोडीशी वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहते. तुटलेली वाट जोडली गेली! डबीला खूण पटली. तिच्यात एक वाक्य आधीच भरून ठेवलेले असते. ते वाक्य ती बोलू लागते.

पाहा, यात तीन कामे झाली. पाणी आले हे कळले. आता बोलायचे हे ठरले. आणि मग आवाज आला. कळणे, ठरणे, बोलणे. कान, डोके आणि तोंड म्हणा हवे तर. घर कितीही मोठे असो, यंत्र कितीही महाग असो, या तीन कामांपलीकडे त्यात काही नाही.

कळवणाऱ्या भागाला सेन्सर म्हणतात. टाकीतली तारेची टोके हा एक सेन्सर. दार उघडल्याचे कळवणारा सेन्सर निराळा, गॅस गळल्याचे कळवणारा निराळा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा सेन्सर भिंतीवर खाली, जमिनीजवळ लावतात. तो बोलला तर विजेचे कुठलेही बटण दाबू नये, ना चालू करायला, ना बंद करायला. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, सर्वांना बाहेर काढावे आणि दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हे जरा आडवळणाने आले, पण जिवाशी गाठ आहे, म्हणून सांगून ठेवले.

सगळ्यांत साधा सेन्सर मात्र तुमच्या घरातच आहे. तो म्हणजे घड्याळ. आठ वाजले की बोल, एवढे त्याला सांगता येते. घरातल्या बहुतेक आठवणी घड्याळावरच चालतात.

आता ठरवण्याचे काम. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. त्याला आपण मराठीतल्या "जेव्हा–तेव्हा"सारखे वाक्य देतो. जेव्हा सकाळचे आठ वाजतील, तेव्हा बोल. यात एक "जर" घालता येतो. जेव्हा रात्रीचे दहा वाजतील, आणि जर दार उघडे असेल, तर बोल. दार लावलेले असेल तर उगाच बोलू नकोस. हा "जर" फार मोलाचा आहे. ज्या घरात यंत्र दार लावलेले असतानाही रोज रात्री "दार लावा, दार लावा" म्हणते, त्या घरात महिन्याभरात त्याचे कोणी ऐकेनासे होते.

मी पुष्कळ वर्षे शाळेत काढली. शाळेची घंटा दिवसातून ठरल्या वेळीच वाजे. ती दर पाच मिनिटांनी वाजवली असती, तर सुटीची घंटा झाल्यावरसुद्धा एक पोरगा जागचा हलला नसता! यंत्राच्या आठवणींचेही तसेच आहे. दिवसाला दोन-तीन पुरेत. ज्यावाचून खरोखर नुकसान होईल, तेवढ्याच ठेवाव्यात.

राहिले बोलण्याचे काम. यंत्र दोन रीतींनी बोलते. पहिली रीत म्हणजे माणसाचा आवाज भरून ठेवायचा आणि वेळ आली की वाजवायचा. टाकीची डबी हेच करते. ही रीत जुनी आहे. १९३३ साली पॅरिस शहरातल्या वेधशाळेने बोलते घड्याळ सुरू केले. लोक टेलिफोन करीत आणि घड्याळ त्यांना किती वाजले ते तोंडाने सांगे. १९३६ साली लंडनमध्येही तशी सोय झाली. तिथे टेलिफोनवर काम करणाऱ्या एथेल केन नावाच्या बाईंचा आवाज काचेच्या चकत्यांवर भरून ठेवला होता. घरात घड्याळ नसले तरी टेलिफोनवरून वेळ कळू लागली.

दुसरी रीत म्हणजे यंत्राने लिहिलेले वाचून दाखवायचे. यात कोणाचे वाक्य भरलेले नसते. यंत्र स्वतः आवाज तयार करते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात वोडर नावाचे एक यंत्र लोकांनी पाहिले. एक बाई पेटीसारख्या पट्ट्या दाबीत आणि यंत्रातून माणसासारखे शब्द निघत. आज पट्ट्या दाबायला कोणी लागत नाही. तुम्ही मोबाइलवर वाक्य लिहायचे आणि यंत्राने ते बोलायचे. मराठीही बोलते.

पण त्याचे वाचणे अजून नवशिक्या पोरासारखे आहे. "८.३०" असे लिहिले तर ते काय वाचील याचा भरवसा नाही. त्यापेक्षा "साडेआठ" असे अक्षरांत लिहावे. "डॉ." लिहू नये, "डॉक्टर" लिहावे. शब्दांचे तुकडे करू नयेत. आपण तोंडाने जसे बोलतो तसे पूर्ण लिहावे. आणि लिहिल्यावर एकदा ऐकून पाहावे.

आता शहरातल्या त्या बोलक्या खोक्याकडे येऊ. त्याला स्मार्ट स्पीकर म्हणतात. नारळाएवढे किंवा वाटीएवढे असते. अमेझॉन कंपनीचा एको हा स्पीकर अमेरिकेत २०१४ साली निघाला आणि भारतात २०१७ साली आला. त्यातून बोलणाऱ्या आवाजाला अलेक्सा म्हणतात. २०१९ साली ती हिंदी बोलू लागली. गुगल कंपनीचा स्पीकर भारतात २०१८ साली आला. त्याच वर्षी गुगलचा सहायक मोबाइलवर मराठीही समजू लागला. मोबाइलवर मराठी कळते म्हणून खोक्यालाही कळेलच असे नाही. खोके घ्यायचे असेल तर दुकानातच त्याच्याशी मराठीत बोलून पाहा. आपली म्हातारी माणसे बोलतात तशा मराठीत बोला. समजले तर घ्या.

या खोक्याला वीज लागते आणि वायफाय लागते. वायफाय म्हणजे तारेवाचून घरात पसरणारे इंटरनेट. खोके मोबाइलला जोडून घेतले, की मोबाइलवरून त्याला आठवणी नेमून देता येतात. रोज, की एका दिवसापुरते? कोणत्या वाराला? कोणते वाक्य? सगळे मोबाइलवर लिहायचे. आणखी एक सोय आहे. पुण्याला बसलेला मुलगा आपल्या मोबाइलवरून निरोप पाठवतो आणि गावातल्या घरात खोके तो बोलून दाखवते. सोय मोठी आहे. पण इथेच सांभाळायला हवे.

आमच्या आळीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा नोकरीला शहरात. काकूंना रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. अक्षरओळख बेताची, आणि विसर पडू लागलेला. दोनदा गोळी चुकली, चक्कर आली. मुलगा काळजीत पडला. दिवाळीला आला तो खोके घेऊन. त्याने सगळे बसवून दिले आणि गेला. रोज सकाळी आठ वाजता खोके मोठ्याने बोले, "माताजी, आपकी दवाई का समय हो गया है. कृपया दवाई लीजिए."

आठ दिवसांनी मी गेलो तर खोके टोपलीखाली झाकलेले. मी विचारले, "काकू, हे काय?"

काकू म्हणाल्या, "गुरुजी, रोज कोण ही परकी बाई माझ्या घरात येऊन मला हुकूम सोडते? शेजारच्या बायका हसतात. म्हणतात, म्हातारीच्या औषधाची दवंडी झाली! आणि ती बोलते तेव्हा मी असते गोठ्यात. घरात येईस्तो ती गप्प. मग आज बोलली की नाही, तेही कळत नाही."

काकूंचे बोलणे अगदी खरे होते. यंत्रात काही बिघाड नव्हता. भाषा चुकली होती, वेळ चुकली होती आणि जागा चुकली होती. आणि मुख्य म्हणजे, जिच्यासाठी एवढा खटाटोप केला तिला कोणी विचारलेच नव्हते. घर काकूंचे. त्यात कोणी बोलावे आणि काय बोलावे, हे काकूंनी ठरवायला नको का?

मे महिन्यात नात आली. कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत. ती आजीजवळ बसली आणि विचारू लागली. "आजी, सकाळी उठून काय काय करतेस? गोठ्यातून केव्हा येतेस? चहा कुठं बसून घेतेस?" काकू साडेआठला आत येतात. चुलीपाशी बसून चहा-भाकरी घेतात. डॉक्टरांनी गोळी सकाळी न्याहारीनंतर सांगितलेली. झाले तर मग! नातीने खोके बाजूला ठेवले. काकूंचा साधा मोबाइल चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि त्यात पावणेनऊचा गजर लावला. गजराला घंटीऐवजी स्वतःचा आवाज दिला. "आजी, चहा झाला का? पांढऱ्या डबीतली गोळी घे गं."

आता रोज पावणेनऊला फळीवरून नात बोलते. काकू म्हणतात, "घेते गं बाई, घेते!" आणि घेतात.

हे तुम्हांलाही करता येईल. त्याला खोके लागत नाही, वायफाय लागत नाही, पैसा लागत नाही. बोटाने चालवायचा मोबाइल बहुतेक घरांत एक तरी असतो. त्यात आवाज भरण्याची सोय असते. तिला रेकॉर्डर म्हणतात. बहुधा तिथे माइकचे चित्र असते. ते उघडा. तांबडे बटण दाबा आणि बोला. बोलून झाल्यावर थांबवा आणि जपून ठेवा.

पण बोलण्याआधी एक करा. चमच्याने वाटीवर दोन टकटक वाजवा. मग क्षणभर थांबून बोला. हसू नका! ही आपली हलगी. माणूस दुसऱ्या कामात असला म्हणजे त्याचा कान पहिला शब्द पकडत नाही. "आजी, पांढरी" एवढे निसटते आणि "डबीतली गोळी" तेवढे ऐकू येते. रेल्वेच्या स्थानकावर सूचनेआधी सूर वाजतो, तो याचसाठी. बोलून झाल्यावरही दोन क्षण मोकळे ठेवा. गजर बंद करीपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाजते. मध्ये जागा नसली तर शब्दांवर शब्द चढतात.

मग घड्याळाचे चित्र उघडा. त्यात गजर असतो. नवा गजर घालायला बेरजेची खूण दाबा. वेळ लावा. सकाळची की संध्याकाळची, ते नीट पाहा. रोज हवा असेल तर सगळे वार निवडा. वार निवडले नाहीत तर गजर एकदाच वाजतो आणि दुसऱ्या दिवसापासून गप्प बसतो. मग "आवाज" किंवा "टोन" असे लिहिलेले असते तिथे जा आणि तुम्ही भरलेला आवाज निवडा. बटणांची नावे फोनाफोनांत थोडी निराळी असतात. काही फोनांत आपला आवाज निवडायची वाट सापडत नाही. अशा वेळी शाळेत जाणाऱ्या पोराला हाताशी घ्यावे. या विद्येत ती आपली गुरू आहेत!

गजराचा आवाज लहान-मोठा करायची पट्टी निराळी असते. फोनची घंटी मोठी असली म्हणून गजर मोठा असेलच असे नाही. ती पट्टी पाहून ठेवा. बोलक्या खोक्यातही तसेच आहे. भजनाचा आवाज वेगळा, आठवणीचा वेगळा.

वाक्य कसे असावे? लहान असावे. आधी ज्याला सांगायचे त्याला हाक मारावी. मग एकच काम सांगावे. वस्तू कुठे आहे ते सांगावे. बस्स. "गोळी घ्या, गुरांना पाणी दाखवा, विजेचं बिल भरा" असे तीन एकात सांगितले, तर तिसरे लक्षात राहते आणि पहिले जाते. औषधाचे इंग्रजी नावही नको. रंगाने, डबीने, पुडीने सांगावे. डबीवर तशीच खूण करावी.

आजाराचे नाव तर मुळीच घेऊ नये. आपली घरे भिंतीला भिंत लागून असतात. "क्षयाची गोळी घ्या" असे यंत्र रोज ओरडले, तर ते सगळ्या आळीला ऐकू जाईल. क्षय औषधाने बरा होतो. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? एखादी सून त्या लाजेपायी यंत्रच बंद करील आणि तिचे औषध तुटेल. क्षयाचे औषध महिनोन्महिने, डॉक्टर सांगतील तोवर, न चुकता घ्यावे लागते. मध्येच सोडले तर रोग उलटतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. म्हणून "सकाळची पुडी" एवढेच म्हणावे. ज्याचे त्याला कळते.

काही औषधे घड्याळावर चालत नाहीत. साखरेच्या आजारात काहींना जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. यंत्राने साडेबाराला सांगितले, "सुई घ्या." घेतली. पण भाकरी व्हायला दीड वाजला. तेवढ्यात रक्तातली साखर फार उतरली, घाम सुटला, हातपाय कापू लागले. यात जिवाला धोका असतो. यंत्राला चूल पेटली की नाही ते दिसत नाही. म्हणून अशा ठिकाणी हुकूम देऊ नये, विचारावे. "दादा, ताट वाढलं का? वाढलं असेल तर सुई घ्या." कोणती सुई जेवणाच्या किती आधी, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि यंत्र बोलले तरी ताट पाहिल्याशिवाय हात पुढे करू नये.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. यंत्राने सांगितले. पण काम झाले का?

यंत्राला ते कळत नाही. त्याने दवंडी दिली आणि ते मोकळे झाले. काकूंनी "घेते गं" म्हटले आणि तेवढ्यात दारात कोणी आले, तर गोळी राहू शकते. त्याहून वाईट म्हणजे घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतली जाऊ शकते. यावर उपाय यंत्रात नाही, तो डबीत आहे. औषधाच्या दुकानात सात कप्प्यांची डबी मिळते. एकेका वाराचा एकेक कप्पा. आठवड्याच्या गोळ्या घरातल्या जाणत्या माणसाने रविवारी भरून ठेवाव्यात. सोमवारचा कप्पा रिकामा दिसला म्हणजे सोमवारची गोळी गेली. भरलेला दिसला म्हणजे राहिली. अक्षर येत नसले तरी डोळ्याला कळते. आणि एखादी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. राहिली तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. औषधागणिक त्याचे उत्तर निराळे असते.

क्षयाच्या रुग्णांसाठी आपल्या देशात यावर एक नामी युक्ती निघाली होती. तिचे नाव नाइन्टी नाइन डॉट्स. गोळ्यांच्या पाकिटावर आतून फोनचा क्रमांक छापलेला असे. गोळी बाहेर काढल्याशिवाय तो दिसत नसे. रुग्णाने त्या क्रमांकावर फुकट फोन करायचा. फोन आला म्हणजे पाकीट फोडले हे दवाखान्याला कळे. फोन आला नाही तर चौकशी होई. तिथेही शेवटी माणसालाच जाऊन विचारावे लागे, हे ध्यानात घ्या.

लाईटचे काय? आपल्याकडे ती केव्हा जाईल याचा नेम नाही. लाईट गेली की एकोसारखे खोके मुके होते, कारण त्याच्या पोटात बॅटरी नसते. वायफायची पेटीही बंद पडते. लाईट असून इंटरनेट गेले, तरी खोके तुमचे बोलणे समजून घेत नाही. समजण्याचे काम खोक्यात होत नाही, ते दूर कंपनीच्या संगणकावर होते. मोबाइलचा गजर मात्र इंटरनेटवाचून आणि रेंजवाचून वाजतो. त्याला फक्त चार्जिंग हवे. फोन पुरता बंद पडला, तर बहुतेक फोनांत गजर होत नाही. म्हणून जिवाचे औषध असेल तर ते खोक्यावर सोपवू नये. मोबाइल ठेवावा, आणि रात्री निजताना तो चार्जिंगला लावावा.

ज्यांना इंटरनेटवाचून सगळे घर बोलके करायचे असेल, त्यांच्यासाठीही वाट आहे. होम असिस्टंट नावाची एक मोफत व्यवस्था २०१३ पासून आहे. ती घरातल्याच लहानशा संगणकावर चालते. मघाचे "जेव्हा, जर, तर" तिच्यात हवे तसे मांडता येते. इ-स्पीक नावाचा एक मोफत आवाज मराठी वाचतो. आवाज कोरडा आहे, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पण त्याला इंटरनेट लागत नाही. हे काम जाणत्या मुलाचे आहे. तुमच्या गावात असा कोणी असला तर त्याला टाकी, मोटर आणि गोठ्याचे दार दाखवा. त्याला आवडेल.

खोक्याबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. ते सतत कान देऊन असते. आपल्या नावाची वाट पाहते. "अलेक्सा" असे कोणी म्हटले की ते जागे होते आणि पुढचे बोलणे कंपनीकडे पाठवते. कधी तसाच दुसरा शब्द कानी पडला तरी जागे होते. त्याच्यावर कान बंद करायचे बटण असते. एकोवर ते दाबले की तांबडा दिवा लागतो. घरात भाऊबंदकीची, पैशाची, सोयरिकीची बोलणी निघाली, तर ते बटण दाबून ठेवावे. काही खोक्यांत दूर बसलेल्या नातेवाइकाला जोडून घेऊन घरातले बोलणे ऐकण्याची सोय असते. तीही बंद ठेवता येते. आजारी माणसासाठी ती हवी असेल, तर त्या माणसाला सांगून, विचारून चालू करावी. आईच्या काळजीपोटी केले असले, तरी न विचारता ऐकणे म्हणजे दाराआड उभे राहणेच.

टाकीच्या डबीची निगाही राखावी लागते. आपल्याकडचे बोअरचे पाणी खारट. तारांच्या टोकांवर पांढरा थर बसतो. मग पाणी लागूनही वाट जोडली जात नाही आणि टाकी मुकाट्याने वाहते. महिन्यातून एकदा डबीची वीज बंद करून टोके घासून पुसावी.

तसेच महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्या आठवणी वाजवून ऐकाव्यात. डॉक्टरांनी औषध बदलले तर त्याच दिवशी जुना गजर काढून टाकावा. नुसता बंद करून ठेवू नये. कोणी चुकून चालू केला, तर तो सोडलेले औषध पुन्हा घ्यायला सांगत बसेल. दवाखान्यातून नवी चिठ्ठी घेऊन आलात, की आधी जुन्या गोळ्या डबीतून काढा, नव्या भरा. मग गजर पुसा, नवे वाक्य भरा. ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना जवळ बसवून एकदा ऐकवा आणि विचारा, "ऐकू येतं का नीट? की जरा मोठ्यानं बोलू?"